मिरासदार आणि उपरी

पेशवाईतील महसुली कागदपत्रे चाळणाऱ्यास गावच्या रयतेचे दोन वर्ग पानोपानी भेटतात. एक मिरासदारांचा, ज्यांचा आपल्या थळावर वंशपरंपरेचा हक्क असे आणि जे आपत्काळी परागंदा झाले तरी पुष्कळ वर्षांनी परत येऊन त्या थळावर दावा सांगू शकत. दुसरा उपऱ्यांचा, जे बाहेरगावाहून येऊन कराराने जमीन कसत आणि करार सरला की पुढच्या गावची वाट धरीत. दुष्काळाने, रोगराईने अथवा लष्करांच्या येण्याजाण्याने एखादा गाव उजाड झाला, की सरकारच या उपऱ्यांना बोलावून घेई. पहिल्या सालास नाममात्र सारा, पुढे दरसाल थोडी थोडी चढ, असा इस्ताव्याचा कौल त्यांना लिहून मिळे आणि पडलेल्या जमिनी पुन्हा लागवडीस येत. वनस्पतींच्या राज्यातील एका मोठ्या उलथापालथीचा विचार करू लागलो की हे जुने शब्द माझ्या मनात हटकून येतात. घाणेरी, गाजर गवत, रानमोडी, वेडी बाभूळ ही जी परदेशी मंडळी आज आपल्या डोंगरांवर, माळांवर आणि गायरानांवर शिरजोर होऊन बसली आहेत, त्यांना बहुतेक ठिकाणी कौल आपणच दिलेला आहे. आणि त्यांच्यापुढे मूळच्या वनस्पतींची जी हार होते ती भर वयातल्या वृक्षांची क्वचितच असते, ती होते त्यांच्या पोराबाळांची.

उपरी म्हणजे शत्रू, असा अर्थ मात्र येथे कोणी घेऊ नये. ज्या मिरचीवाचून मराठी माणसाचा घास घशाखाली उतरत नाही ती अमेरिकेतून आलेली. बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ आणि तंबाखू ही सारी त्याच खंडाची संतती. कोकण-गोव्याचे वैभव मानला जाणारा काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, आणि दसऱ्याला ज्याच्या तोरणावाचून दार सुने दिसते तो झेंडू मेक्सिकोचा. चिंचेची गोष्ट तर अधिक मौजेची आहे. अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर म्हटले, त्या नावावरून युरोपीय पंडितांनी तिचे शास्त्रीय नाव बांधले, आणि तिचे मूळ माहेर मात्र आफ्रिकेत. तथापि इतक्या प्राचीन काळी ती या भूमीत रुजली आहे की तिच्याकडे आता मिरासपत्र मागणारा माणूस स्वतःच हास्यास्पद ठरेल. बाहेरून आलेल्यांपैकी फारच थोड्या जाती उपद्रवी निघतात. मार्क विल्यमसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याविषयी एक ढोबळ ठोकताळा मांडला आहे: आणलेल्या दहा जातींपैकी एखादीच कुंपणाबाहेर पडते, बाहेर पडलेल्या दहांपैकी एखादी स्वतःच्या बळावर नांदू लागते, आणि अशा नांदत्या दहांपैकी एखादी उपद्रवी होते. हजारात एक, हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु त्या एकीचा अंमल किती दूरवर बसतो हे डार्विनच्या काळीही जाणत्यांच्या लक्षात आले होते. त्याच्या १८५९ सालच्या ग्रंथात, हिंदुस्थानात राहून गेलेल्या डॉ. फाल्कनर यांच्याकडून कळलेली हकीकत नमूद आहे की अमेरिकेचा शोध लागल्यानंतर तेथून आणलेल्या काही वनस्पती कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत पसरल्या आहेत. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या या आक्रमणांचा स्वतंत्र शास्त्र म्हणून विचार सुरू होण्यास मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. चार्ल्स एल्टन यांचा त्या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९५८ सालचा आहे.

एखादी वनस्पती स्वदेशात दहाजणींसारखी मर्यादेने राहते आणि परदेशी गेल्यावर एकाएकी बेलगाम होते, हे घडते कसे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडच्या फड्या निवडुंगाने फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. हा निवडुंग अमेरिकेतला, आणि ज्या किड्यापासून किरमिजी रंग काढतात तो त्याच्यावर पोसणारा किडाही अमेरिकेतला. त्या रंगाचा मक्ता मेक्सिकोच्या धन्याकडे, म्हणजे स्पेनकडे होता. तो मोडावा या व्यापारी हेतूने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात १७९५ साली ब्राझीलहून किडे आणविण्यात आले. आले ते किडे मात्र अस्सल नव्हते, त्यांचे एक रानटी भावंड निघाले. रंग काही मनासारखा मिळाला नाही, पण ज्या एका जातीच्या निवडुंगावर ते सोडले होते तिचा त्यांनी ठिकठिकाणी फडशा पाडला. आणि पुढे ते दक्षिणेत व सिंहलद्वीपात मुद्दाम नेण्यात आले ते याच कामासाठी. किड्याकरवी तण मारण्याचा हा जगातील पहिला नमुना मानला जातो, आणि तो चुकीतून निपजलेला आहे. निवडुंगाच्या दुसऱ्या जातीला, जिची कुंपणे आपल्या पणजोबांच्या काळी गावोगाव माजली होती तिला, या किड्याने तोंडही लावले नाही. तिच्यासाठी १९२६ साली सिंहलद्वीपातून दुसरा किडा दक्षिण हिंदुस्थानात आणावा लागला, आणि त्याने मग थोड्याच वर्षांत त्या काटेरी रानांची दाणादाण उडविली. यावरून दिसते ते असे की वनस्पती जेव्हा समुद्र ओलांडते तेव्हा तिच्याबरोबर तिचे बी येते, पण तिची पाने खाणाऱ्या अळ्या, खोड पोखरणारे भुंगेरे, मुळांना ग्रासणाऱ्या बुरश्या हा सारा घेणेकऱ्यांचा घोळका पैलतीरावरच राहून जातो. येथील मिरासदार मात्र आपापल्या सावकारांना पिढ्यान्‌पिढ्यांचे व्याज भरीतच असतात. एकाच्या शिरावर कर्ज आणि दुसरा बिनकर्जी, अशा दोघांत शर्यत लागली तर तिचा निकाल सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

परंतु नुसते बिनकर्जी असून भागत नाही. जमीन रिकामी मिळावी लागते. दाट, न हललेल्या रानात शिरणे बहुतेक उपऱ्यांना जड जाते. जेथे रस्ता खणला, धरणासाठी माती उकरली, बेसुमार चराई झाली किंवा तोड होऊन ऊन जमिनीपर्यंत पोचले, तेथे त्यांचे पाऊल प्रथम पडते. गाजर गवताचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. नावात गवत असले तरी ही वनस्पती गवत नव्हे, झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली आहे. तिची चटकचांदणी आणि पांढरी फुली ही नावे तिच्या बारीक फुलांवरून पडली. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ती १९५५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांना दिसली आणि पुढच्या वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकन मदतीच्या गव्हातून, पी. एल. ४८० या कायद्याखालच्या धान्यातून, ती आली असे सर्वतोमुखी झाले आहे. त्या कायद्याखालचा हिंदुस्थानचा करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे राव यांच्या शोधानंतरचा. मात्र अमेरिकन गहू कर्जाऊ येऊ लागला होता तो १९५१ पासूनच, तेव्हा हा लोकप्रवाद निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही आणि शाबीत झाला असेही म्हणता येत नाही. लोकांनी तिला काँग्रेस गवत म्हटले. तिकडे केरळात रानमोडीला कम्युनिस्ट पच्चा, म्हणजे कम्युनिस्ट हिरवळ, असे नाव पडले आहे. आपल्या देशात तणालाही पक्ष चुकत नाही, एवढेच यावर म्हणावे.

या गाजर गवताचे एक झुडूप पंधरा ते पंचवीस हजार बिया धरते, उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते, आणि ओल असेल तर कोणताही ऋतू त्याला वर्ज्य नाही. आपल्या माळावरच्या कुसळीला, मारवेलीला अथवा टाकळ्याला मृगाची वाट पाहावी लागते आणि एकदा फुलून, बी टाकून, वर्षभर स्वस्थ बसावे लागते; तेवढ्या अवधीत या पाहुण्याच्या तीन-चार पिढ्या होऊन जातात. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. त्यामुळे जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, माणसाच्या कातडीला खाज सुटून चट्टे उठतात, आणि त्याच्या पाल्यापासून, मुळांपासून हीच द्रव्ये मातीत उतरून शेजारच्या बियांचे अंकुरण रोखतात. एका वनस्पतीने दुसरीवर द्रव्यांच्या द्वारे असा परिणाम घडविण्याच्या प्रकाराला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली इंग्रजीत ॲलिलोपथी म्हणून रूढ झालेले नाव दिले. आपल्याकडील लेखांत आणि व्याख्यानांत या विषप्रयोगाला अंमळ जास्तच मान मिळतो, असे माझे मत आहे. पाल्याचा अर्क काढून काचेच्या बशीतल्या बियांवर ओतला तर पुष्कळशा निरुपद्रवी झाडांचा अर्कही बिया मारतो. उघड्या माळावर, पावसाने धुतल्या जाणाऱ्या आणि जिवाणूंनी भरलेल्या मातीत, त्या द्रव्याचा प्रभाव किती टिकतो हा प्रश्न वेगळाच. विषाची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला चमचमीत असते; सावलीची, पाल्यापाचोळ्याची आणि वणव्याची गोष्ट तितकी चमचमीत नाही, पण अधिक खरी आहे.

ती पाहायची तर घाणेरीकडे वळावे लागते. घाणेरी, जिला कोठे टणटणी म्हणतात आणि विदर्भात रायमुनिया म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या सरकारी वनस्पतिउद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. पिवळी, नारिंगी, गुलाबी अशी रंग पालटणारी फुले. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांभोवती तिची कुंपणे झाली. फळे पिकून काळीभोर झाली की बुलबुल, साळुंक्या ती गिळीत आणि बिया दूरच्या झाडाखाली टाकीत. आज, वाघाचा जेथे वावर आहे अशा देशभरातील जंगलांच्या पाहणीवरून, त्या प्रदेशाच्या सुमारे चाळीस टक्के भागात तिने बस्तान बसविले असावे असा अंदाज काढण्यात आला आहे.

घाणेरीच्या जाळीत वाकून शिरावे, म्हणजे तिच्या राज्यकारभाराची पद्धत समजते. वर फांद्यांची गुंतागुंतीची कमान असते, तिच्यातून उजेड झिरपतो तो अगदी कवडशांचा. खाली तिच्याच पानांचा जाड थर. आणि त्या थरावर हिरवे म्हणण्यासारखे फार थोडे. जाळीच्या मधोमध एखादा ऐन, एखादा धावडा, एखादा तेंदू उभा असतो. त्याचा शेंडा जाळीच्या पुष्कळ वर उन्हात डोलत असतो, त्याला दरसाल बहर येतो, फळे पडतात. त्याचे स्वतःचे काहीच बिघडलेले नसते. बिघडलेले असते ते त्या फळांचे पुढे. बी पाचोळ्यावर अडकते, मातीपर्यंत पोचत नाही. पोचलेच तर कोंब येतो, पण पानाला ऊन मिळत नाही. चुकून दोन पावसाळे काढलेच तर तिसऱ्या उन्हाळ्यात जाळीतून वणवा जातो. घाणेरीला वणव्याचे भय नाही, कारण तिचे बूड जमिनीखाली जिवंत राहते आणि पहिल्या सरीबरोबर त्यातून दहा धुमारे फुटतात. रोपट्याला मात्र दुसरा जन्म नसतो. अशा रानाची नुसती शिरगणती केली तर सर्व मिरासदार आपापल्या थळावर हजर सापडतील. वंशावळ मागितली तर मात्र पुढची पिढी कोरी निघेल. एखादा मोठा वृक्ष शंभर-दीडशे वर्षे सहज जगतो, आणि म्हणून या हानीचा हिशेब आपल्या हयातीत बाकी म्हणून दिसतच नाही. ती थकबाकी साचत राहते. जीवशास्त्रज्ञ या स्थितीला नामशेष होण्याचे कर्ज म्हणतात. कर्ज हा शब्द त्यांनी योजला आहे तो विचारपूर्वक, कारण त्याची वसुली टळत नसते, केवळ लांबत असते.

वणव्याचा उल्लेख आला आहे, तर त्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणातील सर्वांत मोठा धडा त्यातच आहे. कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथाचे डोंगर आहेत. तेथे सोलिगा नावाचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले; आवळे, मध, दगडफूल गोळा करणे हा त्यांचा निर्वाह. उन्हाळा चढण्यापूर्वीच, पाचोळा नुकता वाळलेला आणि गवतात अजून थोडी ओल असताना, ते रानात हलकी आग लावीत. तिला त्यांच्या भाषेत तरगु बेंकी, म्हणजे पाचोळ्याची आग, म्हणतात. ही आग गुडघाभर उंचीने सरपटत जाई, आणि तिच्यात घाणेरीची कोवळी रोपे होरपळून जात. १९७४ साली त्या डोंगरांचे अभयारण्य झाले, आणि आगीला मज्जाव झाला. पुढे शास्त्रज्ञांनी त्या जंगलात नेमून दिलेल्या चौकटींतून झाडांची मोजदाद केली तेव्हा १९९७ साली सुमारे ४१ टक्के चौकटींत घाणेरी होती, आणि २००८ साली पुन्हा मोजदाद झाली तेव्हा तो आकडा ८१ च्या घरात गेला होता. सोलिगांचे म्हणणे सरळ आहे: आग बंद झाली, म्हणून घाणेरी माजली. यावर वनखात्याच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे, कारण घाणेरीच्या जाळ्या पुरुषभर उंच वाढल्यावर आता जो वणवा लागतो तो सरपटत नाही, जाळीच्या फांद्यांवरून शिडीसारखा चढून झाडांच्या शेंड्यांना भिडतो, आणि त्यात घाणेरीखेरीज सारेच मरते. पूर्वी उपऱ्याला हद्दीत ठेवणारी तीच आग आता त्याची चाकर झाली आहे. ज्या उपायाने दहा वर्षांपूर्वी रोग आवरता आला असता, तोच उपाय दहा वर्षांनी रोग वाढवितो, ही गोष्ट कागदावर हुकूम काढणाऱ्या कोणत्याही खात्याला पचनी पडणे कठीण असते.

जमिनीच्या पोटात काय चालते ते डोळ्यांना दिसत नाही, पण तेथील कारस्थान अधिक सूक्ष्म आहे. रानमोडी हे झुडूप कोकणात, कोल्हापुराकडे आणि गोव्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. तेही कलकत्त्याच्या वाटेनेच आले आणि पुढे पश्चिम घाटात रानेच्या राने व्यापून बसले. घाटातील मातीवर शास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले त्यांत असे आढळून आले की रानमोडीखालच्या मातीत फ्यूजेरियम नावाच्या एका रोगकारक बुरशीची बीजुके कितीतरी पटींनी साठतात. ही बुरशी परदेशी नाही, येथलीच आहे. रानमोडीला तिची फारशी बाधा होत नाही, परंतु त्याच मातीत काटस बांबूचे बी रुजत घातले तर रोपे खुरटतात. म्हणजे या उपऱ्याने स्वतः हत्यार उचलले नाही. गावातल्याच एका गुंडाला आश्रय देऊन त्याच्याकरवी शेजाऱ्याची पोरे मारविली. मुळांच्या आणि बुरश्यांच्या या फौजदारीचा पुरता तपास अजून कोठे लागलेला आहे? बहुतेक वनस्पतींच्या बाबतीत आपण नुकते कोठे जाबजबाब घेऊ लागलो आहोत.

आता कौलाकडे वळू. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीवर सारा बसत नसे ती पड, ओसाड, निरुपयोगी अशा सदरांखाली दाखल होई, मग तिच्यावर हजारो गुरे चरत असोत वा नसोत. आणि स्वराज्य आल्यावरही ही सदरे बदलली नाहीत. दख्खनचे कमी पावसाचे माळ याच सदरात पडले. वस्तुतः माळ म्हणजे झाडे गमावलेले जंगल नव्हे, तो स्वतंत्र संसार आहे. मुरमाड, उथळ, नत्राने दरिद्री अशा जमिनीत राहण्याची कला तेथील गवतांनी आणि कंदवर्गीय वनस्पतींनी हजारो वर्षे घोटलेली असते. खर्चुडीचे कंद आठ महिने जमिनीत निपचित पडून राहतात आणि पावसाळ्यात कंदिलासारखी फुले दाखवून पुन्हा दडी मारतात. त्यांच्या कित्येक जाती सह्याद्री आणि दख्खन सोडून पृथ्वीवर अन्यत्र सापडत नाहीत. दारिद्र्य हीच या मंडळींची तटबंदी असते, कारण श्रीमंत सवयीच्या वनस्पतींचा तेथे निभाव लागत नाही. अशा ठिकाणी वनीकरणाच्या कार्यक्रमात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावण्यात आली. दोन्ही अमेरिकेची, दोन्ही शेंगवर्गीय. मुळांवरच्या गाठींत हवेतील नत्र पकडून जमिनीत घालणारी. शेतकऱ्याच्या बांधावर हा गुण सोन्यासारखा आहे. माळावर मात्र त्याने तटबंदीच खचते. नत्र वाढले, सावली पडली, पाचोळा साचला, आणि ज्यांची सारी करामत उन्हात व उपाशीपोटी जगण्याची होती त्यांच्या जागी कोणतेही तण येऊन बसले. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्यास गिरिपुष्पाचा दाट हिरवा पडदा पाहून धन्यता वाटते. त्या पडद्याखाली सालईचे, मोईचे एखादे रोप शोधीत त्याने अर्धा तास ओणवे फिरावे, म्हणजे धन्यता थोडी उतरेल. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात, जेथे माळढोकासाठी अभयारण्य आहे, तेथील माळांवरही गिरिपुष्पाची लागवड झाली. माळढोक हा मोकळ्या क्षितिजाचा पक्षी. झाडी आली की तो निघून जातो.

कच्छच्या बन्नीत हाच प्रयोग अफाट प्रमाणावर झालेला आहे. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांचा तो गवताळ मुलूख, मालधारी गवळ्यांचा आणि त्यांच्या कांकरेज गाईंचा. १९५५ साली तो संरक्षित वन म्हणून जाहीर झाला, आणि रण पुढे सरकू नये या उद्देशाने १९६१ च्या सुमारास वनखात्याने तेथे सुमारे ३१ हजार हेक्टरांवर वेडी बाभूळ लाविली. हेतू वाईट नव्हता, हे नमूद करणे न्यायाचे आहे. बाभळीच्या गोड शेंगा गुरांनी आवडीने खाल्ल्या, बिया शेणातून चहूकडे गेल्या. जी झाडे रणाला थोपविण्यासाठी लावली होती ती रणाकडे पाठ फिरवून गवतावर चालून गेली. तिच्या खोल मुळांनी पाणी ओढले, तिच्या सावलीने गवत विरळ केले. शेंगांच्या खाण्याने कांकरेज गाईंना रोग जडू लागले आणि मालधारी म्हशींकडे वळले. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात. वेडी हे विशेषण दोन्ही भाषांनी तिला एकमेकींना न विचारता दिलेले आहे. आता परिस्थिती अशी की तिच्या कोळशावर कित्येक कुटुंबे पोट भरतात, आणि तिचे उच्चाटन करा म्हणणाऱ्याला त्याच बन्नीत विरोध करणारेही भेटतात. पन्नास-साठ वर्षांच्या वहिवाटीने उपऱ्यालाही काही हक्क प्राप्त होतात, हे महसुली कायद्याचे तत्त्व येथे माणसांच्या पोटाशी निगडित होऊन उभे राहते, आणि मला तरी त्याचा सोपा निवाडा सुचत नाही.

उपायांची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखीच आहे, कारण यश थोडे आहे. गाजर गवतासाठी १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला भुंगेरे आणले, आणि पुढच्या वर्षी ते मोकळे सोडले. पावसाळ्यात ते झुडपांची चाळण करतात, कोरड्या दिवसांत मात्र जमिनीत शिरून झोपी जातात, आणि गाजर गवताला, आपण पाहिलेच, अशी झोप नाही. मध्यंतरी ते सूर्यफुलावर गेल्याचा बोभाटा झाला आणि चौकशीसमिती बसली; निवडुंगाच्या किड्यासारखा चोख कारभार त्यांना जमला नाही. दुसरी युक्ती टाकळ्याच्या कुळातल्या एका तरवडवजा झुडपाची. धारवाडकडे ते गाजर गवताला हटविताना दिसले, म्हणून लोकांनी रस्त्याकडेने त्याचे बी मुद्दाम पेरले. हे झुडूपही अमेरिकेतलेच. एका उपऱ्याला काढण्यासाठी दुसऱ्याला कौल देण्याची ही रीत आपल्या अंगी किती मुरली आहे, हे पाहून हसू येते.

घाणेरीवर इतकी वर्षे कुऱ्हाडच चालली, आणि कुऱ्हाडीने ती दाटच झाली. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी कॉर्बेटच्या जंगलात झुडपे उपसून नीट पाहिली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की सारे धुमारे खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून फुटतात, त्याखालच्या मुळातून फुटत नाहीत. म्हणून त्यांनी कुदळीने माती उकरून त्या सांध्याच्या बोटभर खाली मूळ तोडण्याची आणि झुडूप उचलून उलटे, मुळे आभाळाकडे करून, वाळत ठेवण्याची पद्धत घालून दिली. काम स्वस्त आहे, औषध लागत नाही, आणि गावच्या मजुरांना ते एका सकाळीत शिकविता येते. मात्र जाळी उठली की मोकळ्या झालेल्या जमिनीत पहिल्या पावसाला उगवते ती पुन्हा घाणेरीच, कारण तिचे बी मातीत वर्षानुवर्षे साठलेले असते; त्यामुळे तेथे लगोलग देशी गवताचे बी टाकावे लागते. ते धरले, तरी जी उंच झाडे जागोजाग उभी असतात त्यांच्यावर बुलबुल येऊन बसतातच, दुसऱ्या रानातून फळे खाऊन आलेले. आणि म्हणून त्या प्रत्येक झाडाखालची जमीन पुढची दोन-तीन वर्षे तरी दर पावसाळ्यात बसून, एकेक रोप पाहून, हाताने निंदावी लागते.